वारसा कायदा, सकाळी आठ वाजता

कायद्याच्या कॉलेजात पहिल्याच वर्षी एलोडी मेलान्सनला एका विषयात 'डी' मिळाला, आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात लुईझियाना सोडून जायचा विचार घोळू लागला.

विषयाचं नाव होतं 'दायित्वे'. माणूस दुसऱ्याशी कशाकशाने बांधला जातो आणि त्यातून कसा सुटतो, एवढंच त्यात होतं. शिकवायला प्रोफेसर क्लोटिल्ड एबेर. बाई साठीच्या, ठेंगण्या, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत. एलोडीने नागरी संहितेची कलमं घोकून घोकून पाठ केली, उत्तरपत्रिकेत जशीच्या तशी ओतली आणि 'डी' घेऊन घरी आली. वडिलांना तिने "बरा गेला पेपर" एवढंच सांगितलं.

लुईझियानात वकिली करायची तर हा विषय टळत नाही. इथली बारची परीक्षा नऊ पेपरांची, आणि त्यातले तीन त्या जुन्या फ्रेंच वळणाच्या नागरी संहितेवर. हद्द ओलांडून टेक्ससमध्ये गेलं की कायदाही वेगळा आणि परीक्षाही वेगळी. त्यामुळे बॅटन रूजच्या त्यांच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाचे विषय निवडणं म्हणजे नुसतं वेळापत्रक भरणं नव्हतं. विषयांची यादी बघून कळायचं, कोण कुठे राहणार.

आणि कोणाबरोबर, हेही. निदान एलोडीपुरतं तरी.

ग्रेडी प्रूइट तिच्याच वर्गातला. पश्चिम टेक्ससचा, ताडमाड उंच, एकेक शब्द चघळत बोलणारा. दोन वर्षं दोघं वाचनालयात एकाच टेबलावर बसत होती. त्याला ह्यूस्टनच्या एका कचेरीने आधीच घेऊन ठेवलं होतं. फेब्रुवारीत तो म्हणाला, "एलो, तूही तिकडचे विषय घे. संहितेशी डोकेफोड कशाला? तिकडची परीक्षा तू सहज काढशील. ह्यूस्टनमध्ये दोघांना पुरेल एवढं घर बघतो मी."

तिला ते ऐकून इतकं हलकं वाटलं की तिने त्याच संध्याकाळी यादी केली. मृत्युपत्रं तिकडच्या पद्धतीची, तारण कायदा, तेल आणि वायू, पुराव्याचा कायदा. वारसा कायदा, वैवाहिक संपत्ती, जमिनीचे हक्क हे इथले सगळे विषय तिने एकेक करून खोडले. नोंदणी एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी नऊला उघडणार होती. त्याआधीच्या शनिवारी ती ग्रेडीला घेऊन घरी गेली. वडिलांना सांगायचं होतं.

तिचे पापा, अल्सीद मेलान्सन, रेन गावाबाहेर भाताची शेती करायचे. भात निघाला की त्याच खाचरांत पाणी सोडून क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे जीव, वाढवायचे. वसंतातल्या शनिवारी त्यांच्या अंगणात मोठं पातेलं चढलेलं असे. मसाल्याच्या वाफेने डोळे चुरचुरायचे आणि लांब टेबलावर वर्तमानपत्रं अंथरलेली असायची. आई गेल्याला नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून त्या टेबलाशी न चुकता असायच्या त्या शेजारच्या इर्मा व्हेरे. कालव्यापलीकडचं पिवळं घर त्यांचं. गाव त्यांना 'तांत इर्मा' म्हणायचं, तिकडे मावशीला तांत म्हणतात म्हणून. विधवा, मुलं नसलेल्या, सत्तरीला टेकलेल्या, तोंडाने तिखट.

"हा तो टेक्ससवाला?" पापांनी ग्रेडीला खालून वर न्याहाळलं. "डोकी चोखतोस का?"

"सर?"

"क्रॉफिशची डोकी, रे! शेपूट सगळेच खातात."

ग्रेडीने एक डोकं चोखलं. डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरं उचललं. तांत इर्मा म्हणाल्या, "अल्सीद, छळू नकोस त्याला. परत आला नाही तर पोरगी तुझ्या नावाने बोटं मोडेल."

पहिला घाणा संपत आल्यावर एलोडीने सांगून टाकलं. ह्यूस्टन, तिकडची परीक्षा, घर. बोलताना ती वडिलांच्या हातांकडे बघत होती. ते हात टरफलं सोलत राहिले.

"तीन तासांवर आहे," पापा म्हणाले. "गाडी बरी असली तर."

"पापा, तुम्हाला वाईट वाटलं का?"

"मला? मी कशाला वाईट वाटून घेऊ? तुझी यादी वाच की. बघू तरी काय काय शिकवतात."

तिने खिशातून कागद काढून वाचला. पापा प्रत्येक नावाला मान डोलवत होते, जणू कोणी बियाण्यांची नावं सांगतंय. तांत इर्मा मात्र कागदावर वाकल्या.

"हे खोडलेलं काय आहे?"

"वारसा कायदा. तो इकडच्या परीक्षेसाठी लागतो, मला नको आता."

तांत इर्मांनी हात पुसले. एकदा पापांकडे बघितलं, मग विचारलं, "त्यात असतं का ते, विधवेने पुन्हा लग्न केलं तर घराचं काय होतं ते?"

पापांच्या हातातलं टरफल टेबलाखाली पडलं. ते उचलायला वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.

एलोडीला समजायला क्षणभर लागला. मग नऊ वर्षांच्या कितीतरी गोष्टी एकदम तिच्या डोळ्यांपुढे आल्या. पापा रविवारी दाढी दोनदा का करतात. कालव्यावरची फळी दर वर्षी नवी का असते.

"त्याने मला सहा वेळा विचारलंय," तांत इर्मा ग्रेडीला म्हणाल्या, कारण तिथे तोच एक परका होता. "हंगाम सुरू झाला की विचारतो. मी दर वेळी नाही म्हणते."

"पाच," पापा टेबलाखालून म्हणाले. "एकदा मी नुसतं विचारणार होतो."

एलोडीला जेवढं ठाऊक होतं तेवढं तिने सांगितलं. घर इर्मा आणि त्यांचे नवरे ओरास्ट यांनी लग्नानंतर घेतलेलं. म्हणजे अर्धं इर्मांचं. ओरास्टचं अर्धं त्यांच्या पहिल्या बायकोच्या मुलाचं, लीरॉयचं. विधवेला ते वापरायचा हक्क असतो, पण मरेपर्यंत किंवा पुन्हा लग्न करेपर्यंत. लग्न केलं की हक्क संपतो.

"तेच मला कोर्टातल्या कारकुनाने सांगितलं होतं," तांत इर्मा म्हणाल्या. "लीरॉय वाईट नाही. पण त्याची बायको विकायला लावील. आणि अल्सीदकडे राहायला आले आणि हा आधी गेला, तर? हे घर तुम्हा पोरांचं. मी दोन्हीकडून बाहेर." त्यांनी एक बटाटा उचलला आणि खाली ठेवला. "म्हणून नाही म्हणते. तो मला आवडत नाही म्हणून नव्हे, समजलं?"

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," पापा म्हणाले.

"तू कारण कधी विचारलंस? टोपी घालायचास आणि चालू पडायचास!"

रविवारी मिस्सा आटोपल्यावर तांत इर्मांनी एलोडीला एकटीला चर्चच्या मागे झाडाखाली बोलावलं. प्रार्थनापुस्तकातून त्यांनी घडी घातलेला एक कागद काढला. भातगिरणीच्या कॅलेंडरचं पान होतं. पाठीमागे पेन्सिलीने, मोठ्या, ओबडधोबड अक्षरांत लिहिलं होतं:

'मी ओरास्ट व्हेरे, शुद्धीवर आहे. इर्मा जिवंत असेपर्यंत घरात तीच राहील, काहीही झालं तरी. बोट लीरॉयला. कुत्रा इर्माने सांभाळावा, तिला आवडत नसला तरी.' खाली पूर्ण तारीख आणि सही.

"हे तुम्ही कोणाला दाखवलंत का, तांत?"

"दाखवायचं काय त्यात? त्यावर शिक्का नाही, वकील नाही. ते पत्र आहे." त्यांनी कागदाची कड बोटाने सरळ केली. "चव्वेचाळीस वर्षांत त्याने मला लिहिलेलं एकच. इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात बसून लिहिलं. कुत्र्याचं वाचून मी इतकी हसले होते."

एलोडीला वाटलं, हे पत्र नाही, हे मृत्युपत्र आहे. पण खात्री नव्हती. आणि खात्री का नाही, तेही तिला ठाऊक होतं. ज्या वर्गात ते शिकवतात, तोच तिने खोडला होता.

गाडी दलदलीवरच्या लांब पुलावरून बॅटन रूजकडे निघाली. ग्रेडी गाडी चालवता चालवता म्हणाला, "तुझे वडील टेबलाखाली होते ना, तेव्हा मला वाटलं, मी पण जावं खाली."

ती हसली.

सोमवारी पावणेआठला ती प्रोफेसर एबेरच्या दारात उभी होती. बाई अंजिराचा केक कागदावर ठेवून खात होत्या.

"मेलान्सन. तू माझ्या वर्गात कधी हात वर केला नाहीस. आज काय?"

एलोडीने मूळ कागद आणला नव्हता, प्रत आणली होती. एबेरबाईंनी चष्मा कपाळावर सारला, प्रत डोळ्यांशी नेली आणि कुत्र्याच्या ओळीपाशी येताच फिस्सकन हसल्या.

"मूळ कागद सगळा त्याच्याच हातचा?"

"हो."

"तारीख? सही कुठे आहे?"

"तारीख पूर्ण आहे. सही अगदी शेवटी."

"कोर्टात कधी वारसाचं प्रकरण उघडलं?"

"नाही. कोणीच उघडलं नाही."

"मग सांग. हा कागद काय करतो?"

एलोडी चाचरत बोलू लागली. पाठ केलेलं कलम आठवलं नाही, तेव्हा तिने तांत इर्मांचं घर डोळ्यांपुढे आणलं. लग्नाने हक्क संपतो ते नवऱ्याने काही लिहून ठेवलं नसेल तर. इथे त्याने लिहिलंय, जिवंत असेपर्यंत, काहीही झालं तरी. म्हणजे लग्न झालं तरी. मुलाचा हिस्सा मुलाचाच राहतो, पण इर्मा असेपर्यंत त्याला थांबावं लागेल.

"आणि 'राहील' म्हणजे?" बाईंनी मधेच तोडलं. "नुसतं राहायचं, की भाड्याने द्यायचा, उत्पन्न घ्यायचा हक्कही?"

"ते... मला माहीत नाही."

"उत्तम. मलाही नुसतं वाचून सांगता येणार नाही, त्यावर वाद होऊ शकतो. तुझ्या बाईंना तर राहायचंच आहे ना? मग चालेल." त्यांनी केकचा एक तुकडा तिच्याकडे सरकवला. "आता नीट ऐक. तू वकील नाहीस. त्या बाईंना तू सल्ला द्यायचा नाहीस. आपल्या मोफत मदत केंद्रात आण, तिथले वकील अर्ज करतील, तू शेजारी बसून शीक. समजलं?"

"हो, मॅडम."

"अजून काय आहे? पाय दारातच अडकलेत तुझे."

एलोडीने यादी काढून दाखवली. ह्यूस्टनचं सांगितलं, 'डी'चं सांगितलं, हेही सांगितलं की इथली परीक्षा आपल्याला जमणार नाही अशी तिला भीती वाटते.

एबेरबाईंनी यादी वाचली. "यातलं निम्मं तू उन्हाळ्यात उजळणीच्या वर्गात दहा आठवड्यांत शिकशील. परीक्षेत येतो म्हणून प्रत्येक विषय वर्गात बसून शिकायचा, असं काही नाही. जे एकटीला वाचून कळणार नाही, ज्याला वाद घालायला समोर माणूस लागतो, ते वर्गात शिकायचं." मग कागद परत देत त्या म्हणाल्या, "कुठे राहायचं, कोणाबरोबर, ते मला विचारू नकोस. माझी दोन लग्नं मोडलीत. 'डी' मी दिला, आणि तो बरोबर होता. तू मला कलमं लिहून दिली होतीस. आज एका माणसाबद्दल बोललीस. वारसा कायदा मंगळवार-गुरुवार, सकाळी आठ. मी उशिरा येणाऱ्याला आत घेत नाही."

नऊ वाजता वाचनालयातल्या त्यांच्या टेबलावर दोघं संगणक उघडून बसली. ग्रेडीची बोटं भराभर चालली. एलोडीने वारसा कायद्यावर बोट ठेवलं. तीन जागा उरल्या होत्या. मग दोन.

"ग्रेडी, मी इथलेच घेतेय."

त्याने मान वर केली नाही. पडद्याकडे बघतच तो म्हणाला, "शनिवारीच कळलं होतं मला. त्या बाई बोलत होत्या आणि तू ऐकत होतीस ना, तसं तू माझ्याकडे कधी बघितलं नाहीस."

"असं नको ना म्हणू."

"तक्रार नाही करत. खरं तेच सांगतोय. मला ह्यूस्टन सोडता येत नाही, एलो. आणि तुला मी 'चल' म्हणायला नको होतं, तू घाबरलेली असताना."

तिने नाव नोंदवलं. मग त्याचा हात धरला. शेजारच्या टेबलावरचा मुलगा कुजबुजत कुणाला तरी विचारत होता, तारण कायद्याचा मास्तर कडक आहे का.

मदत केंद्राच्या वकिलाने सांगितलं की अक्षर ओरास्टचंच आहे असं सांगणारे दोन साक्षीदार लागतील, आणि मूळ कागद कोर्टात द्यावा लागेल.

"परत देतील ना?" तांत इर्मांनी विचारलं.

"नाही. तो दप्तरात राहतो. नक्कल मिळते."

तांत इर्मा उठून खिडकीशी गेल्या. एलोडी मागोमाग गेली. तिला वाटलं, आता बाई कागद पुस्तकात ठेवून घरी जातील, आणि गेल्या तरी त्यांना कोणी नावं ठेवू नयेत.

"नकलेला त्याच्या हाताचा दाब नाही येणार," तांत इर्मा म्हणाल्या. "पेन्सिल किती जोरात धरायचा तो! मागून बोट फिरवलं की कळतं." त्यांनी एकदा बोट फिरवून पाहिलं आणि डोळे पुसले. "अल्सीदला सांगू नकोस हं, मी रडले म्हणून. त्याला वाटेल, अजून ओरास्टच आहे मनात."

"आहेत ना पण?"

"आहेच. मग?"

साक्षीदारांपैकी एक भातगिरणीवरचा म्हातारा निघाला, ज्याने वीस वर्षं ओरास्टच्या चिठ्ठ्या वाचल्या होत्या. दुसरा कोण, हा प्रश्न होता. मेमध्ये लीरॉय व्हेरे स्वतः आला. पन्नाशी उलटलेला, समुद्रातल्या तेलविहिरीवर काम करणारा, गबाळा गडी. त्याला नोटीस गेली होती आणि सगळे धास्तावले होते. तो मदत केंद्राच्या खुर्चीत बसला, कागद हातात घेतला आणि वाचता वाचता त्याने टोपी काढली.

"बोट मला," तो म्हणाला. "बोट विकली होती हो त्यांनी, ते आजारी पडायच्या आधीच. विसरले असणार." मग तो तांत इर्मांकडे वळला. "तुम्ही हे मला आधीच का नाही दाखवलंत? मी काय तुम्हाला घराबाहेर काढणार होतो?"

"तू नाही. तुझी बायको."

"ती माझ्याशीही तशीच बोलते," लीरॉय म्हणाला, आणि अक्षर वडिलांचंच असल्याच्या जबानीवर सही करून गेला.

ऑक्टोबरात अल्सीद आणि इर्माचं लग्न झालं. पापा कालवा ओलांडून पिवळ्या घरात राहायला गेले. मार्चमध्ये, कागदावरच्या तारखेला, त्यांनी तांत इर्मांना गाडीत घालून क्राउलीच्या कोर्टात नेलं. कारकुनाने दप्तर काढून दिलं. त्या आत बसून कागद वाचत होत्या, आणि पापा बाहेर बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून थांबले होते. "घाई करू नकोस म्हटलं तिला," ते एलोडीला फोनवर म्हणाले. "माझं काय, मला सवय आहे थांबायची."

एलोडीला वारसा कायद्यात 'बी' मिळाला. एबेरबाईंनी कोपऱ्यात लिहिलं होतं: 'वाद चांगला, अक्षर भयंकर.' जुलैत तीन दिवस बसून तिने नऊ पेपर दिले आणि थोडक्यात नापास झाली. निकालाच्या दिवशी तिने पहिल्यांदाच वडिलांना खरं सांगितलं, आणि मग तो जुना 'डी'सुद्धा. पापा म्हणाले, "मला पाच वेळा नकार आलाय. तुला तर एकच." फेब्रुवारीत ती पुन्हा बसली आणि पास झाली.

ग्रेडी टेक्ससची परीक्षा पहिल्याच झटक्यात पास होऊन ह्यूस्टनला गेला होता. ती दोघं वेगळी झाली असं कोणी म्हणालं नाही, आणि एकत्र आहेत असंही नाही. शेवटच्या वर्षात असताना तो पापांच्या लग्नाला आला होता, सगळ्यांच्या पायांवर पाय देत नाचला होता आणि पहाटे निघून गेला होता. पुढे एलोडी हद्दीअलीकडच्या, लुईझियानातल्याच लेक चार्ल्सच्या एका छोट्या वकिली कचेरीत लागली. बायका जुने कागद घेऊन यायच्या, ती ते उलगडून वाचायची.

एका गुरुवारी दुपारी ग्रेडीचा फोन आला.

"बोमाँटमध्ये जागा निघालीय एक. ह्यूस्टनपेक्षा लहान कचेरी आहे."

"मग?"

"बोमाँट टेक्ससमध्येच येतं. तिथून लेक चार्ल्स एक तास. हद्दीच्या आसपास कुठेतरी घर घेतलं, तर तू पूर्वेला जायचं, मी पश्चिमेला. सकाळी सूर्य तुझ्या डोळ्यांवर येईल. संध्याकाळी परत येताना पण."

"आणि तुझ्या?"

"माझ्या पाठीवर. म्हणून तर आधी सांगतोय, नंतर भांडू नकोस."

एलोडीच्या समोर एक बाई मांडीवर कागदांचा खोका घेऊन बसली होती. तिला दोन मिनिटं थांबायची खूण करून एलोडी म्हणाली, "हद्दीच्या कुठल्या बाजूला घर घ्यायचं, ते ठरवलंस?"

"नाही. ते दोघांनी ठरवायचं."

"शनिवारी ये मग. जाऊन बघू," ती म्हणाली, आणि फोन ठेवून तिने त्या बाईचा खोका आपल्याकडे ओढला.